घाटनांदूरचा मलिदा

माझे वडील कोकणातले, रेल्वेत गँगमन, बदलीवर घाटनांदूरला आले आणि इथंच राहिले. आमी बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, साऱ्या तालुक्यात एकच घर, मग काय सांगू तुम्हाला, शाळेत बाई विचारायच्या तुमी नेमके कोण गं, मी म्हणायची शनिवारी चूल न पेटवणारे. वडील गेले, मग नवरा गेला, तवा मी स्टेशनासमोर खानावळ टाकली. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, सोबत दही न्हाई, ताक न्हाई. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, वाटीभर ताक दे की, मी म्हणायची आमच्या धर्मात मटणासोबत दूध-दही चालत न्हाई, इथं मिळायचं न्हाई, ताक प्यायचं तर समोर जा आणि मटणबी तिथलंच खा. कुणी जायचं न्हाई. पण ते मटण मी कधी तोंडात घातलं न्हाई, आमच्या रीतीनं बकरं कापणारा इथं कुठून आणू? विकलं, खाल्लं न्हाई.

दरवर्षी थंडीत एलियाहू हन्नाबीचा उरूस, तो आमचा पैगंबर, त्याच्या नावानं मलिदा. अंबाजोगाईच्या बाजारात मी एकेक नारळ कानाशी हलवून घेते, केळीवाला माझ्या घासाघिशीला भिऊन मला बघताच तोंड फिरवतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, बदाम, पाच फळं, सारं एका परातीत. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, रिबकाबाई, मलिदा म्हणजे चपाती कुस्करून गूळ, हे तर पोहे हायत. म्हणलं खा, मग बोला. आता अंगणात जागा पुरत न्हाई, आणि गाव खाताना बघून मला जे वाटतं ते दुसऱ्या कशात न्हाई.

मग पोरीचं, एस्तरचं, ठाण्याला लग्न जमलं, आमच्यातच. लई हरखले. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली लग्नाआधीचा मलिदासुद्धा ठाण्यालाच करू. मी अडून बसले, लग्न तुमच्या दारात, मलिदा माझ्या दारात. शेवटी मुलाकडचे आले. सोबत हजान आणले, म्हणजे आमची प्रार्थना म्हणणारे, त्यांनी आशीर्वाद म्हणला, मी परात फिरवली. सारं गाव खातंय आणि ही आत्या मलिदा हातात धरून बसली, मग हळूच रुमालात बांधला. म्हणलं कावून, खायला काय झालं? तर म्हणते, ताई, तुमच्याकडे कुठल्याही खाटकाचं मटण शिजतं, भांड्यांची खात्री नाही. मी म्हणलं ही परात माझ्या आईची, हिला मटण ठाऊक न्हाई, खानावळीची भांडी खानावळीत. ती म्हणाली, असेल. नुसतं असेल. माझं डोकं फिरलं, म्हणलं तो रुमाल सोड, माझ्या दारात खाणारी माणसं लई हायत. तेवढ्यात पोरगी म्हणाली, आई, गप गं. एवढंच. बाजारात मी जन्मात पड खाल्ली न्हाई, त्या दिवशी माझ्याच अंगणात खाल्ली. आत्या रुमाल घेऊन गेली. त्याचं पुढं काय केलं, मी विचारलं न्हाई.

सोयरीक टिकली. आता एस्तरला पोरगा झालाय, परवा आठवा दिवस, सुंता हाय, नाव ठेवतील. फोनवर म्हणाली, आई, तू ये, पण काही करून आणू नकोस. म्हणलं बरं. एवढ्या गावाला खाऊ घातलं आणि नातवाकडं मोकळ्या हातानं निघाले, तिकीट काढलंय. एलियाहू हन्नाबी त्या लेकराला शंभर वर्षं देवो. तिथं जे ताटात येईल ते जेवीन. आत्यानं वाढलं तरी पानात टाकणार न्हाई.