लिंबाची सावली कुन्या बाजूला

— न्हाई न्हाई रावसाहेब, ही ती मघाची विहीर न्हाई. मघाच्या विहिरीवर मोट व्हती — आता हिच्यावर बी हाय, पन ती मोट येगळ्या मानसाची. बैल तांबडेच व्हते म्हनता? हिकडं समद्यांचेच बैल तांबडे, त्याला मी काय करू? तुमी टेका मागं. मघाशी बाभळीखाली झोप कशी लागली व्हती गाढ — घोरत व्हता, खोटं न्हाई सांगत — म्हनून मी उठवलं न्हाई. सरकारचा मानूस, पुन्याहून पहाटं उठून आलेला, त्याची झोप मोडायची म्हनजे पाप. किती वाजलं? दीड? बघा, म्हंजे अजून हाय येळ. कशाला म्हंजे — आपल्याला पोचायला हो. पाखऱ्या, हळू रं बाबा, घाई कुनालाच न्हाई.

व्हय, सरपंचांनी दहाला बोलीवलंय, ते मला ठावं हाय की. त्यांनीच मला धाडलं चिंचवड ठेसनावर — मामलेदार कचेरीचे कारकूनसाहेब आठच्या गाडीनं उतरतील, गायरानाचा ठराव लिवून घ्यायला येत्यात, त्यास्नी दहाच्या आत वाडीवर आन. आता दहाच्या आतच आनलं असतं, पन घोड्याचा नाल सैल वाटला. वाटला म्हंजे — बघितलं तर घट्ट व्हता. पन बघाया तर लागतंय. मंग म्हनलं भोसरीकडनं जावं, तिकडनं रस्ता चांगला. आता भोसरी हिकडं आन वाडी तिकडं, हे खरं, पन चांगला रस्ता तो चांगला रस्ता. शिवाय तुमी ह्या भागात नवीन, भोसरी बगितल्याबिगर कसं जानार? मारुती? कुटला मारुती? तीनदा लागला व्हय? आवो, आमच्याकडं मारुती लई. आन समजा तोच असला, तर तीन प्रदक्षिना झाल्या, तुमचं बी पुन्य माझं बी पुन्य.

आता तुमी इचारताच हाय तर सांगतो, नायतर मी बोलनारा मानूस न्हाई. वाडीला गायरान हाय साठ एकर. पिढ्यान्‌पिढ्या गावाचं — कुना एकाचं न्हाई, म्हनून समद्यांचं. गुरं चरत्यात, बाया शेन्या वाळवत्यात, पोरं सूरपारंब्या खेळत्यात — न्हाई, सूरपारंब्या न्हाई, झाडच एक हाय, लिंबाचं, त्याला पारंब्या कुटल्या? तर पिंपरीकडं कारखानं निघाल्यापासनं एक कंपनी आलीया ते गायरान मागाया. काय करनार कंपनी? कुनाला ठावं. एक म्हनतो खिळे करनार, एक म्हनतो बिस्किटं. आमच्या कुशाबाईला वाटतं दोन्ही करनार. तर आता पंचायतीच्या पाच पंचांनी ठरवायचं, द्यायचं का ठिवायचं. आन तुमी ते कागदावर लिवायचं. लिवलं की झालं, मंग ब्रह्मदेव आला तरी खोडत न्हाई.

मत कसं घ्यायचं म्हनता — हात वर करून? आवो, आमच्यात ते जमलं न्हाई. पयल्या सालाला करून बगितलं, तर आमचे कोंडीराम पाटील दोन्ही हात वर करायचे. हिकडचा बी आपला, तिकडचा बी आपला, कुनाला नाराज कशाला करा? एका ठरावाला पाच पंच आन सहा हात. मंग सरपंचांनी रीत काढली — झाडाच्या दोन बाजू. ह्यो पक्ष असला तर लिंबाच्या हिकडं उभा ऱ्हा, त्यो असला तर तिकडं. मानूस दोन्हीकडं तर उभा ऱ्हात न्हाई. कोंडीरामनी ते बी करून बगितलं, बुंध्याला पाठ लावून, पन सरपंचांनी हाताला धरून सरकवलं.

उद्धवराव सरपंच म्हंजे डोस्कं हाय हां. त्यांनी काय केलं बघा — ज्याला गायरान कंपनीला द्यायचंय त्यानं लिंबाच्या रस्त्याकडच्या अंगाला उभं ऱ्हायचं, मावळतीकडं. ज्याला गावाकडंच ठिवायचंय त्यानं उगवतीच्या अंगाला, टेकाडाकडं. आन येळ ठिवली सकाळी दहाची, वैशाखात. आता सकाळी सूर्य कुटं असतोय? उगवतीला. सावली कुटं पडती? मावळतीला. साठ एकरात झाड एकच. टाळकं फुटायच्या उन्हात साठीची कुशाबाई टेकाडाकडं जाऊन उभी ऱ्हानार हाय व्हय, का कोंडीराम, का तो दत्तोबा, ज्याला घाम आला की चक्कर येती? समदे सावलीला जानार. आन तुमी लिवनार — पाचीच्या पाची कंपनीकडं. कुनावर जोर न्हाई, जबरदस्ती न्हाई, लिंबाला काय कुनी लाच दिली न्हाई.

मंग दुपारी काय व्हतं म्हनता? दुपारी... दुपारी जेवनं व्हत्यात. सावली? सावलीचं काय, ती आपली... रावसाहेब, तुमी दिसता साधे पन लई बारीक इचारता बुवा. व्हय. दुपारी सावली टेकाडाकडं जाती. बाराला बुंध्यापाशी गोळा व्हती, दोनाला कलती, तीनाला पुरती टेकाडाकडं. आन तितली मानसं? मानसं बी जात्यात की तिच्यामागं, घोंगडी वढत. सरपंच कुनाला घरी जाऊ देनार न्हाईत, तुमच्यासाठी हार आनलाय त्यांनी आन फेटा, तुमी आल्याबिगर सभा मोडायची कशी? मंग बसत्यात समदे तितंच, घोंगडी जराशी सरकवायची, जराशी सरकवायची — आपन कुन्या बाजूचे व्हतो ते मानसाला कळत बी न्हाई.

तुमी असं बघू नका माझ्याकडं. मी टांगेवाला. मला काय त्याचं? गायरान ऱ्हायलं काय आन गेलं काय. ते समदं त्या पाचव्या पंचाचं कारस्थान हाय — हाय एक, दादू म्हनून. लई बडबड्या. त्याच्या डोस्क्यातनं निघालं की साहेबालाच येळानं आनलं तर? मला म्हनला, मी म्हनलं बरं. चांगला हाय तसा मानूस, गरीब हाय, खरं बोलतो, जवा जमंल तवा. त्याचा जीव टांगनीला लागलाय बघा. त्याच्या घोड्याचं वय झालंय, अठरा वर्षांचा घोडा, दात गेल्यात म्हातारीसारखे, कडबा चावत न्हाई त्याला, गायरानावरचं मऊ गवात तेवढं खातो. गायरान गेलं तर इकत घेऊन हिरवं चारायची ऐपत न्हाई दादूची, घोडा इकावा लागंल, आन अठरा वर्षांचा घोडा कोन घेतो आन कशाला घेतो ते तुमाला बी ठावं हाय. म्हनून म्हनला, काय बी कर पन माझ्या पाखऱ्याचं —

...

व्हय. पाखऱ्या ह्योच. आन दादू बी ह्योच. तुमचं खरं हाय, त्याच्या तोंडाला कुलूप पायजे व्हतं.

उतरता? चालत जाता? जावा की, मी काय बांधून ठिवलंय का तुमाला? पन कुन्या अंगानं जानार? ... बसा. बसा रावसाहेब, पाया पडतो. रागावू नका. तासाभराचं काम ऱ्हायलंय, सावलीचं. तंबाखू घेता? बरं, नगं तर नगं. मी काय कायद्याबाहेर केलं? सरपंचांनी सूर्य लवकर धरला, मी उशिरा धरला. सूर्य तर दोघांचा बी हाय.

आता तुमी म्हनाल, एवढंच व्हतं तर सरळ तोंडावर सांगायचं, न्हाई देत गायरान म्हनून. आवो, तितंच तर घोडं पेंड खातंय. कोंडीरामची लेक दिलीया सरपंचांच्या भाच्याला. कुशाबाई त्यांची सख्खी चुलती. दत्तोबाचं घर त्यांच्या भिंतीला भिंत. मनातनं तिघांला बी गायरान पायजे — कुशाबाई तर शेन्या थापता थापता रडती — पन तोंडावर न्हाई म्हनायचं म्हंजे जिभंला मुंग्या येत्यात. आन वरनं सरपंचांनी खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलाया लावला सगळ्यांला, उद्धवरावाला इरोध करनार न्हाई म्हनून. आता सावलीत बसनं म्हंजे काय इरोध न्हाई. देवाला बी ऊन कळतं. मी तिघांला काय बी सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर भिऊन उन्हात जाऊन बसली असती. तिघं पायजेत मला. पाचात तीन.

न्हाई, चौथा मी न्हाई. माझं मत मोजू नका. म्हंजे मोजा, पन... सांगतो. सरपंच म्हनले, ह्या दादूचा भरवसा न्हाई, ह्यो बोलनारा मानूस, ह्याला मोघम शपथ चालायची न्हाई. मंग मला घोड्यासकट नेलं देवळाम्होरं. एका हातावर बेलभंडारा, दुसरा हात पाखऱ्याच्या कपाळावर, आन म्हन — मी लिंबाच्या रस्त्याकडच्या अंगालाच उभा ऱ्हाईन, न्हाई ऱ्हायलो तर माझा घोडा पायानं जाईल. म्हनलो. कंपनी लागली की सायबांची ने-आन करायचं काम तुलाच देतो असं बी म्हनले व्हते, म्हैन्याच्या पगारावर. ते ऐकून मी जरा जोरातच म्हनलो, खोटं कशाला बोलू. घरी आलो आन रातभर गोठ्यात बसलो त्याच्यापाशी. शपथ पाळली तर घोडा उपाशी, मोडली तर लंगडा. रडलो मी रावसाहेब, लाज कसली त्यात. मंग पहाटं उजाडलं तवा गोठ्याच्या मेढीची सावली सरकताना दिसली, आन डोस्क्यात उजेड पडला.

ते बघा. दिसलं लिंब? हळू पाखऱ्या. ऊन आपल्या पाठीवर हाय न्हवं? मंग सावली म्होरंच असनार. किती वाजलं? तीनाला पाच कमी. रावसाहेब, मोजा तुमीच, माझ्यानं बघवत न्हाई. सूप घिऊन जोंधळं निवडत बसलीया ती कुशाबाई. टेकाडाकडं हाय न्हवं? हाय. तिच्याशेजारी पटका उशाला घिऊन आडवे ते कोंडीराम. पाय कुटं हायत त्यांचे — रस्त्याकडं? अंग? अंग टेकाडाकडं. मंग अंग धरायचं, पायानं काय मत देत्यात व्हय? तिसरा तंबाखू मळतोय त्यो दत्तोबा. झाले तीन. झाले न्हवं? झाले. आई खंडोबा.

आन त्यो कोन घोरतोय घोंगडीवर, तोंडावर हार घिऊन? हार तुमचा हाय, माशा बसू नयेत म्हनून घेतला असंल. सरपंच. आवो, खुद्द उद्धवराव. सरकत सरकत आले की टेकाडाकडं. झोपलेल्या मानसाचं मत धरत्यात का न्हाई रावसाहेब? कायद्यात काय लिवलंय? लिवलं नसंल तर धरा. काढा की पेन्सिल. हळू बोला, उठतील. लिवा — गायरान गावाकडंच ठिवावं म्हननारे, चार.

पाचवा? पाचवा मी. थांबा, पाखऱ्याला सोडतो आदी. आरं, आरं, पळ काढतोय बघा म्हातारा, वास आला गवताचा. जा, खा. आता मी हितं उभा ऱ्हातो. हितं, रस्त्याकडच्या अंगाला, उन्हात. न्हाई, सावलीत या म्हनू नका, तसं करता येत न्हाई मला. पाय भाजत्यात, भाजू द्या. हसताय कशाला? लिवा नीट — गायरान कंपनीला देऊन टाकावं म्हननारा, एक. नाव दादू. धंदा टांगा. उद्या चावडीवर कागद लागला की अक्खी वाडी थुकंल माझ्यावर, एकटा गाव इकाया निघाला व्हता म्हनून. कुशाबाई शेनी फेकून मारंल. मारू द्या. घोडा चारी पायांवर हाय न्हवं?

लिवलं? वाळू द्या म्हनू नका, पेन्सिलीला काय वाळायचं. आता सरपंच उठायच्या आत जावा तुमी. टांगा? टांगा न्हाई मिळायचा, घोडा चरतोय. चालत जावा. त्या बांधानं सरळ नाकासमोर, मधी विहीर लागती तीच मघाची — अर्ध्या तासात ठेसन.