छताखालचा फोम

गेल्या मंगळवारी सकाळी, दंतवैद्यांच्या प्रतीक्षाकक्षात, माझ्या शेजारच्या बाकावर एक दांपत्य बसले होते. घराच्या माळ्यावर मुलीची खोली व्हायची होती. ऊन अडवण्यासाठी छताला आतून फोम फवारायचा, हे ठरले होते. तो मऊ असावा की कडक, एवढाच वाद उरला होता. पतीचा गाल सुजलेला होता. मत मात्र ठाम होते.

"कडकच मारू. पातळ थरात भागतं, आणि पाण्याचा थेंब खाली येत नाही."

"अहो, म्हणजे छप्पर गळलं तर पाणी वरच मुरणार, लाकूड गुपचूप कुजणार, आणि एक दिवस सगळं पोरीच्या अंगावर. मऊ फोममधून पाणी झिरपतं, डाग पडतो. निदान कळतं तरी."

"मऊ फोमचा थर जाड लागतो. माळा बुटका होईल."

"लेक माझ्यावर गेलीय. उंचीचं काय घेऊन बसलात!"

"कडक एकदा मारला की विषय संपला."

"दाढेचाही संपवला होतात. महिनाभर आपलं 'काही नाही, काही नाही'. गाल फुगला तेव्हा मला कळलं."

"तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून..."

"माझा घोर मला करू द्या की! तोही तुम्हीच करणार?"

"हसवू नकोस गं. दुखतं."

"अगंबाई! दुखतं म्हणालात?"

इतक्यात आतून बोलावणे आले. पती उठला, दोन पावले गेला आणि थांबला.

"तूही चल आत. आणि त्या फोमवाल्याला कळव, मऊच मारायचा."