अजून थोडी हलकी

देवीदास : आता हिच्यातून अजून काय काढू, लक्ष्मणराव? नळी आखूड केली, पुढचं लाकूड उडवलं, लोखंडी पट्टे काढले, मागचा लाकडी दस्ताही नवा, हलका बसवला. फौजेनं लिलावात काढली तेव्हा मुसळासारखी रायफल होती. आता बघा, आमची अनसूया बाजाराची पिशवी उचलते, तशी उचला.

लक्ष्मणराव : श्रीरंग म्हणते, जड आहे.

देवीदास : तिसऱ्यांदा म्हणून राहिला तुमचा पोरगा! त्यानंच ना मासिकातलं चित्र आणलं होतं? ‘काका, अशी स्काऊट कार्बाइन बनवून द्या, दिवसभर खांद्यावर टाकून हिंडलं तरी थकवा नको.’ त्या चित्राच्याही वर गेली ही.

लक्ष्मणराव : नळी अजून दोन बोटं कापा.

देवीदास : परवानगी होती तेवढी कापली. पुढे गेलो तर तुमचं लायसन जाईल अन् माझं दुकानही. आणि तुम्ही तर फौजी माणूस. बंदूक जितकी हलकी, तितका धक्का भारी. एक गोळी झाडली तर खांदा धरून बसेल पोरगा.

लक्ष्मणराव : झाडायची कोणाला आहे जी?

देवीदास : अच्छा! मग बरगीच्या शेताची राखण कोण करते? डुकरं हरभरा लोळवतात, म्हणूनच तर लायसन मिळालं तुम्हाला.

लक्ष्मणराव : राखणीला गडी ठेवला. श्रीरंग होळीपासून खाटेवर आहे.

देवीदास : खाटेवर? मला तर हात मुरगळला म्हणून सांगितलं होतं.

लक्ष्मणराव : मुरगळला नाही. ताकद उतरून राहिली. आधी बोटं गेली, मग मनगट. आता पाण्याचा पेला मीच तोंडाला लावतो. नेपियर टाउनचे डॉक्टर बोले, इसकी दवा नहीं है.

(देवीदास हातातली कानस खाली ठेवतो.)

देवीदास : काहून सांगितलं नाही, भाऊ? मी इथं बसून त्याला नखरेल म्हणत होतो.

लक्ष्मणराव : रोज बंदूक मागते. रिकामी करून देतो. उशा लावून बसवतो. खांद्याला लावायला जाते. काल मी खालून हळूच हात दिला. म्हणाला, ‘बाबा, हात काढा.’

देवीदास : मग?

लक्ष्मणराव : काढला. मांडीवर पडली त्याच्या. मग म्हणाला, ‘देवीदासकाकांनी काम नीट केलं नाही. परत घेऊन जा.’

देवीदास : असं म्हणाला?

लक्ष्मणराव : आणि मी हो म्हटलं. म्हटलं, देवीदासचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. काय करू? बंदूक जड आहे, एवढं त्याला सहन होते. दुसरं काही माझ्या तोंडातून निघत नाही.

देवीदास : बंदुकीच्या फॅक्टरीत जिंदगी गेली माझी, लक्ष्मणराव. माझ्या हातचं काम कोणी परत आणलं नव्हतं.

लक्ष्मणराव : ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे बघून बोलता येत नाही.

देवीदास : बसा. अनसूया, चहा टाक जरा... बंदूक इथं ठेवू नका, घेऊन जा. त्याच्यासमोर राहू द्या. त्याला सांगा, देवीदासनं नव्या दस्त्याला ओलं लाकूड लावलं. म्हणून जड लागते. सुकलं की हलकी होईल.

लक्ष्मणराव : तुमच्या दुकानात ओलं लाकूड? सदर बाजारात कोणी ऐकलं तर हसतील, भाऊ.

देवीदास : हसू द्या. अन् श्रीरंगला म्हणा, काकाला पोटभर शिव्या दे.

लक्ष्मणराव : रोज विचारेल तो, सुकलं का म्हणून.

देवीदास : डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस?

लक्ष्मणराव : हा पावसाळा निघणार नाही म्हणतात.

देवीदास : मग सांगा बिनधास्त. पावसाळ्यात लाकूड सुकत नाही, हे त्यालाही पटेल.