संवत्सरीच्या दिवशी फोडणी

नको नको, शटर वर नको सारूस, रूपलीबाई, अर्धंच राहू दे – अशीच वाकून ये आत, डोकं सांभाळ – हां. बस गादीवर. अगं बस, गिऱ्हाईक बसायलाच असते ती. पण कापड फाडणार नाही हं मी, कितीही गळ घाल, आज संवत्सरी आमची, वर्षातला सगळ्यात मोठा उपास, शहाद्यातली सगळी जैन दुकानं बंद, पाहिलंस ना येताना? शेठ आणि श्रेणिक सकाळपासून आमच्या जैन स्थानकात बसलेत, प्रवचनाला, महाराजांपाशी, संध्याकाळशिवाय येत नाहीत. तू बिचारी डोंगरावरून जीपमध्ये कोंबून आलीस, परतीची जीप भरेपर्यंत उन्हात कुठं उभी राहशील? आणि खरं सांगू का – मलाच कुणीतरी हवं होतं. कुणाला सांगितलं नाही ना, तर माझं पोट फुटेल. पोट! हे बघ, नुसतं पोट म्हटलं आणि हसू आलं.

काय झालं? विचार, विचार! अगं, मी जेवले. – हसतेस काय, जेवले! संवत्सरीला! दाखूबाई जेवली! नऊ वर्षांची होते तेव्हापासून हा उपास चुकला नाही माझा – तापात केला, श्रेणिक पोटात होता तेव्हा केला, सासूबाई हं, आमच्या सासूबाई म्हणायच्या, सून कशी का असेना पण उपासाला पक्की. आज सगळ्या गल्लीत चूल पेटत नाही, उकळून गार केलेलं पाणी तेवढं प्यायचं, तेही दिवस बुडायच्या आत – आणि माझ्या घरात मुगाची खिचडी, वर तूप, वर पापड! दोनदा घेतली मी. पहिल्यांदा घेतली ती सुनेसाठी. दुसऱ्यांदा – आता तुझ्याशी कशाला खोटं बोलू – दुसऱ्यांदा चांगली झाली होती म्हणून.

सुनेसाठी म्हणजे काय, सांगते ना. आमची प्रियल, श्रेणिकची बायको, तूच तिच्या लग्नात आहेर घेऊन आली होतीस, ती गोरीशी – हां, तीच. तिला गोळ्या चालू आहेत. मनाच्या. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई देतात, सकाळी एक, दुपारी जेवून एक, एकसुद्धा चुकवायची नाही, आणि रिकाम्या पोटी तर अजिबात नाही, मला समोर बसवून तीन-तीनदा सांगितलंय. वर्षभर मी एक दिवस चुकू दिली नाही, घड्याळ लावून देते. आणि आज सकाळी ही अंघोळ करून येते आणि मला म्हणते, मम्मीजी, आज सगळ्या गावाचा उपास, मी एकटी कशी खाऊ, मीपण करते. घाबरलेच मी, रूपलीबाई. मी पाटावर बसूनच गेले. कारण ती न खाण्यावर आली ना की पुढं काय होतं ते मी पाहिलंय. म्हटलं, बेटा, तुला माफ आहे, आजाऱ्याला माफ असतं, महाराजांनीच सांगितलंय. म्हणते, मग काय, सगळे उपाशी आणि मी एकटी ताटावर, चोरासारखी? नाही खाणार. भिंतीकडं तोंड केलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं – मग मी खाते तुझ्याबरोबर. झालं! निघून गेलं म्हणजे गेलं! तिनं असं वळून बघितलं माझ्याकडं... तुम्ही? हो मी. आज? हो आज, आत्ता, चल, कुकर काढ!

आणि मग काय सांगू मज्जा! खिडक्या लावल्या, परसातलं दार लावलं, वर टेबल-फॅन ठेवला वास पांगायला. मी म्हटलं खिचडी फोडणीशिवाय करू, वास नको, समोरच्या गॅलरीत नव्वदीच्या मासाब बसलेल्या असतात, डोळे गेले पण नाक शाबूत आहे. तर ही म्हणते, बिनफोडणीची खिचडी आजारी माणसं खातात. अगं! तूच ना आजारी? तर म्हणते, आज दोघीजणी आहोत, आज फोडणी पाहिजे. मग घातली! जिरं तडतडलं, हिंग पडला – आणि समोरून मासाबांचा आवाज, ‘कुणाकडं गं फोडणी पडली?’ मी खिडकीची फट करून म्हणते, हॉटेलातून येतोय हो वास, तिकडून, मोठ्या रस्त्यावरून! चार गल्ल्या सोडून हॉटेल! आणि मागं प्रियल, तोंडात ओढणी कोंबून खाली बसलेली, आवाज नाही, नुसती हलतेय. मला वाटलं रडते. जाऊन बघते तर हसतेय! वर्षाने, रूपलीबाई. ती हसली की शेवटी उचकी लागते तिला, मी विसरूनच गेले होते ती उचकी. मग पापड. पापड खायचा कसा बिनआवाजी? वाजतो ना मेला! तिनंच युक्ती काढली, खिचडीत भिजवून मऊ करून खायचा. असला घाणेरडा पापड मी जन्मात खाल्ला नाही आणि इतका गोड पण लागला नाही. मग तिनं स्वतःहून गोळी मागितली. मी द्यायच्या आधी! आता झोपलीय वर. आणि मी इथं नाचू का काय करू असं होऊन बसलेय. पाप लागेल? लागू दे. मोठी पिशवी घेऊन जाईन वर, काय.

न खाण्यावर आली म्हणजे? ते ना... ते मागच्या वर्षीचं. तुमच्याकडं असं झालं की भगताकडं नेतात, बरोबर? कोंबडं मागतो तो, काय म्हणतेस, दोन मागतो? – अगं ते बरं! आम्ही काय केलं माहितीय? आम्ही मिरवणूक काढली. हसू नको. नाही, हस, हसण्यासारखंच आहे. आमच्यात संवत्सरीपर्यंतच्या ह्या आठ दिवसांत जो आठच्या आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहतो ना, त्याची अठाई झाली म्हणतात, फार मोठं पुण्य, लोक त्याच्या पाया पडतात. तर मागच्या वर्षी, पहिल्याच दिवशी ही पलंगावरून उठली नाही. ताट वर पाठवलं, तसंच खाली आलं. दुसऱ्या दिवशी तेच. आणि संध्याकाळी शेजारीण विचारते, सून दिसत नाही गं? आता काय सांगू, दिवसभर झोपलीय म्हणून सांगू? नवीन सून! मी म्हटलं, तिचा उपास चाललाय, दुसरा दिवस. बस, एवढंच म्हटलं मी. तासाभरात सगळ्या स्थानकात झालं, दाखूबाईच्या सुनेनं अठाई धरली. तिच्या माहेरी दोंडाईचाला फोन गेला, तिची आई रडली आनंदानं. बायका येऊन तिला मेंदी लावून गेल्या. तिनं हात पुढं केला, लावून घेतली. शपथ द्यायला महाराजांपुढं नेलं, तिनं मान हलवली. ती तेव्हा कशालाही मान हलवायची गं.

आणि आठ दिवस झाले, मग बग्गी! नंदुरबारहून बँड आणला शेठनी. ही बग्गीत, कपाळाला कुंकू, गळ्यात हार, आणि डोळ्यांतून पाणी चाललंय नुसतं. बायका म्हणतात, बघा बघा, आनंदाश्रू! बग्गीवाला मला हळूच म्हणतो, ‘मावशी, हाई पोरनं काय तरी दुखी ऱ्हायनं.’ मी त्याला म्हटलं, काही दुखत नाही तिला, तू घोडा बघ. मग घरी पारणं, म्हणजे उपास सोडायचा, मुगाचं पाणी चांदीच्या वाटीत, मी स्वतः तिच्या ओठाला लावलं. तिनं दात उघडले नाहीत. आणि इतक्या हळू म्हणाली, फक्त मला ऐकू आलं – कशाला? एवढंच. कशाला. बाहेर बँड वाजतोय, आणि बायका काय म्हणतात – अगं ही महिनाभराचा उपास करणार, हिला थांबवू नका! तेव्हा आमची भांडेवाली, रंजनाबाई, सगळ्यांमधून पुढं आली, ओल्या हातानं, आणि सरळ म्हणाली, ‘भाभी, हाऊ उपास नई शे. हाई पोर मरी जाई.’ श्रेणिकनं त्याच पावली प्रियलला उचललं, गाडीत घातलं, धुळे. हार तसाच गळ्यात.

मग काय, बरं होतं का ते लगेच? कावीळ आहे का उतरायला? दिवाळीत बरी वाटली, संक्रांतीला परत पलंगावर. तीन महिने मी तिच्या केसांना तेल लावते तर ती भिंतीकडं बघते. मी तेल लावायचं सोडलं नाही आणि तिनं भिंत सोडली नाही! सगळ्यांनी सांगून झालं, माहेरी पाठवा, जप करा, मूल होऊ द्या. मी म्हटलं, आधी गोळी होऊ द्या. आता बघ, आता मला गोळ्यांची नावं पाठ आहेत, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी सासू असेल तर माझं अर्धं काम झालं. सगळ्यांसमोर म्हणाल्या! मी नुसती हसले. त्यांना काय माहीत की पोरीनं सांगितलं तेव्हाच मी जर –

नाही, सांगितलं म्हणजे... काही नाही. जाऊ दे. तुला पाणी देऊ? – अशी नको गं बघूस. सांगितलं होतं तिनं. तिसऱ्या दिवशी. मी वर साडी द्यायला गेले, तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, मम्मीजी, माझा उपास नाहीये. मला आतून काहीतरी होतंय, मला भीती वाटते माझीच, मला कुठंतरी दाखवा. एवढं स्पष्ट सांगितलं, रूपलीबाई, एवढं तर शहाणं माणूस सांगत नाही. आणि खाली आठ बायका येऊन बसलेल्या, तिची विचारपूस करायला, सगळ्या नव्या साड्या नेसून. मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, पाचच दिवस राहिलेत बेटा, तेवढे काढ. लोकांना सांगून झालंय. तिचा हात सोडवला, डोक्यावर पदर नीट केला, आणि बायकांना हाक मारली, या वर.

हे श्रेणिकला माहीत नाही. डॉक्टरीणबाईला नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही, आणि मला एकदा बोलूनसुद्धा दाखवलं नाही. आज संध्याकाळी सगळे एकमेकांपुढं हात जोडतील, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा – अशी रीतच आहे आमची. बरी रीत आहे, काय केलं ते सांगावं लागत नाही. मी मासाबांची मागेन, शेजारणीची मागेन, बँडवाल्याचीसुद्धा मागेन. पण हिच्यापुढं हात जोडायचे तर नाव घेऊन सांगावं लागेल ना, की ह्या दिवशी, ह्या वेळी, तू माझा हात धरला होतास आणि मला सगळं कळलं होतं. मला कळलं होतं गं. न कळून नाही झालं. ते कसं म्हणायचं असतं, मला –

माझ्या मागं काय बघतेस? – प्रियल? कधी उतरलीस, बेटा? झोपली होतीस ना तू? ही आपली रूपलीबाई, कापडाला आली होती, मी म्हटलं आज कुठलं कापड – किती वेळ उभी आहेस तिथं? मासाबांचं सांगत होते तेव्हा? त्याच्या नंतर? ... तिसऱ्या दिवसाचं पण?

रूपलीबाई, तू ऊठ. जा आता, बाई. ऊन असलं तरी जा. आम्हाला दोघींना बोलायचंय.