इंग्रजांनी तपासलेलं पत्र

१९१६ साल. रॉटरडॅमच्या पोस्टात गेझिनाच्या पुढे रांगेत दोघी बोलत होत्या.

“आपलं जहाज अडवून इंग्रजांनी टपालाच्या गोण्या उतरवल्या, नेल. चार महिने पत्रं वाचत बसले!”

“आपण तर लढाईत कुणाच्याच बाजूने नाही ना?”

“म्हणून तर आपली निवांत वाचतात.”

“वाचू देत बापडे. माझ्या लेकाचं पत्र आलं, नऊ वर्षांनी! लढाई संपली की अमेरिकेहून घरी येतो म्हणतोय.”

“भांडून गेलेला तो? अक्षर त्याचंच आहे ना?”

“पाकिटावरचं त्याचंच. आतलं जरा निराळं आहे. मनापासून लिहिलंय ना! मूर मांजर कशी आहे, असंही विचारलंय.”

“तुझ्याकडे मांजर कधी होती?”

“नव्हती. काल आणली. नाव मूरच ठेवलं.”

गेझिनाने खिशातलं पाकीट चाचपलं. वर तिच्या लेकाचं अक्षर होतं, आत परक्या अक्षरात एकच ओळ: ‘आई, मला पुन्हा पत्र टाकू नकोस.’

नेल मागे वळली. “तुमचाही मुलगा तिकडेच का हो? काय म्हणतो?”

“लढाई संपली की येतो म्हणतोय,” गेझिना म्हणाली. “आणि मूरला दूध कोमट करून द्या. थंड ती पीत नाही.”