छापून येईपर्यंत

देवाचं नाव घ्या, मंडळी, आणि आधी एवढं सांगा. एका माणसानं चोरी केली नाही, खोटं बोलला नाही, फक्त गप्प बसला. त्याला पाप लागतं का? मागून कुणीतरी 'नाही' म्हणालं! बरं, ऐका तर मग.

एका विद्यापीठात होत्या डॉक्टर हेमलता किणीकर. गोळ्या देणाऱ्या नव्हेत हं — जमिनीच्या पोटातलं ओळखणाऱ्या! नागझरी गावच्या हापशाचं पाणी त्यांनी तपासलं आणि त्यांना कळलं, यात फ्लोराइड फार आहे. खडकातून पाण्यात उतरतं, अन् वाढत्या पोरांची हाडं वाकवतं.

तुम्ही म्हणाल, लगेच सांगितलं असेल. कसलं काय! तिथली रीतच न्यारी. शोध लागला की निबंध लिहायचा, तो बाहेरदेशीच्या मासिकात छापून यायचा, आणि तोवर — हाताची घडी, तोंडावर बोट! का? तर दुसऱ्याचं नाव आधी लागेल. लग्नपत्रिकेत काकांचं नाव वर की मामांचं, यावरून तुम्ही रुसता ना? तेच तिथं, फक्त कोट घालून.

पुढे कुलगुरूंनी फर्मान काढलं — सगळ्या शाखांनी एकत्र बसा, ज्ञान वाटून घ्या, गावोगावी पोचवा! बसले सगळे. सामोसे झाले, चहा आला. वैद्यकीय शाखेचे डॉक्टर बिडवे उठले. दमलेला, सरळ माणूस. नागझरीत पोरांचे गुडघे वाकतायत, म्हणाले, कारण सापडत नाही, कुणाला काही ठाऊक आहे का?

बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं हो! पण मनानं हिशोब मांडला — उन्हात दगड मी फोडले, अन् नाव यांचं? थोडं थांबू, मग सांगूच की. त्यांनी चहाचा घोट घेतला, आणि गोष्ट घोटाबरोबर खाली गेली.

दोन पोळे उलटले. निबंध छापून आला. शाल, श्रीफळ, टाळ्या! मग बाई नागझरीला गेल्या, शाळेच्या पडवीत गाव जमवलं, हापशाचं पाणी पिऊ नका म्हणून समजावलं.

सुलोचना गेडाम नावाची बाई उठली. तिची मुलगी भिंत धरून उभी होती.

"हे तुमाले कवा समजलं, बाई?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. दोन वर्षं झाली, म्हणाल्या.

"दोन सालामागं माही पोरगी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन धावत होती."

बस, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. तिनं त्या एवढ्या मोठ्या मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. हापसा त्याच दिवशी बंद झाला. पोरीचे गुडघे मात्र वाकले ते वाकलेच.

मघाशी 'नाही' म्हणणारे कुठं गेले? खाली नका बघू. किणीकर बाईंना नावं ठेवणं सोपं आहे. शेजारच्या पोरीचं लग्न ठरतंय, नवऱ्या मुलाचं व्यसन तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही अक्षता घेऊन तयार! आपल्याला काय करायचंय, नाही का?

आज टाळ नको, गजर नको. ज्याच्या पोटात अशी गोष्ट असेल, त्यानं आत्ता माझ्या पाया पडू नये. उठावं, आणि आधी शेजाऱ्याचं दार वाजवावं.