बंद नळी

झुंबरबाई : चपला काढू नको, प्रेमराज. ओट्यावरूनच बोल.

प्रेमराज : काकू, सख्खा पुतण्या आहे मी.

झुंबरबाई : म्हणून तर ओट्यापर्यंत येऊ दिला.

प्रेमराज : निचऱ्याचं सरकारी कर्ज मंजूर व्हायला आलंय. वरच्या बठ्ठ्या, एकूणएक वावरांत जमिनीखाली नळ्या घालायच्या, साचलेलं खारं पाणी नाल्यात काढायचं. पण नाल्याला लागून वावर तुमचं. उद्या धुळ्याहून साहेब येतो. नळी तुमच्यातून न्यायला हो म्हणा, काम झालं.

झुंबरबाई : पारावर बैठक भरली तेव्हा मी मेली होती का?

प्रेमराज : बायांना कोण बोलवतं बैठकीला?

झुंबरबाई : मग बाईच्या दारात कशाला आला? नाला उचल अन् ने तुझ्या घरी.

दिपमाला : आत्या, ऐकून तर घ्या. आपलंही वावर पांढरं पडलंय. कपाशी वीतभर होते न् जळते.

झुंबरबाई : तू गप, सूनबाई. कोणाच्या पाण्यानं जळते? हा वर उसात पाणी सोडून झोपतो, ते झिरपत खाली आपल्या, मना वावरात येऊन बसतं.

प्रेमराज : तुम्हाला काही त्रास नाही हो. तुमच्या वावरातून बंद नळी जाईल. एक थेंब सांडणार नाही.

झुंबरबाई : बंद म्हणजे?

प्रेमराज : बिनभोकांची. भोकांची नळी आमच्याकडं, ती जमिनीतलं पाणी ओढते. तुमच्याकडची नुसती वाहून नेते.

झुंबरबाई : म्हणजे तुझं मीठ मना वावराच्या पोटातून जाईल, अन् मनं मीठ जागच्या जागी?

प्रेमराज : तुम्ही कर्जात नाही ना, काकू.

झुंबरबाई : मला कर्जात कोणी घेतलं नाही?

प्रेमराज : कर्ज गटाचं असतं. एकाचा हप्ता थकला की बठ्ठे अडकतात. वनाकाका राहिले नाहीत, तुमचा पोरगा कुंदन जाऊन बसला सुरतेला. घरात दोन बाया. उद्या तुम्ही डोळे मिटले तर फेडणार कोण?

झुंबरबाई : तुझा बाप मनापेक्षा वयानं मोठा शे. दोघांनी धरल्याशिवाय खाटेवरून उठत नाही. त्याचं नाव शे ना गटात?

प्रेमराज : आबांची गोष्ट वेगळी.

झुंबरबाई : काय वेगळी? मिशा?

(दिपमाला पदर तोंडाला लावते.)

प्रेमराज : हसा, हसा. तहसीलदाराकडून नळीच्या वाटेचा हुकूम आणतो की नाही बघा.

झुंबरबाई : आण. तो येईपर्यंत तुझा ऊसही वीतभरच राहील.

दिपमाला : भाऊजी, आमच्याही वावरात भोकांची नळी घाला. कर्ज आमच्याही डोक्यावर टाका. आत्यांच्या मागं मी आहे ना फेडायला.

झुंबरबाई : मागं कशाला? सोबत म्हण. मी बसली शे अजून.

प्रेमराज : मापं झाली, नकाशा झाला. आता कसं घालणार?

झुंबरबाई : नकाशा नवा काढ. मना वावराला भोकं नाहीत, तर तुझ्या पाण्याला वाट नाही.

प्रेमराज : ऐकायचंच नाही तुम्हाला.

झुंबरबाई : तुनं म्हणणं बठ्ठं ऐकलं मी. आता तू हो की नाही ते बोल.

प्रेमराज : बरं. सांगतो साहेबाला, एक वावर वाढलं म्हणून. पण काकू, हप्ता थकला तर सोसायटीच्या फळ्यावर नाव लिहितात. बठ्ठं गाव वाचतं.

झुंबरबाई : वाचू दे. फक्त पुरं लिहायला सांग. झुंबरबाई वना पाटील. नुसतं वनाची बाई नको.